धाकटीचा हिरा

पुण्याहून एम.एस्सी.च्या प्रवेशाचं पत्र आमच्या घरी दोनदा आलं. पहिलं माझं होतं. ते आलं तेव्हा माझी सुपारी फुटून दहा दिवस झाले होते. आबांनी पत्र हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि मला परत दिलं. "बठ्ठं शिकनी तू. आते लगीन," म्हणाले. सगळं शिकून झालं, एवढाच त्याचा अर्थ. आबा कठोर नव्हते. धरणगावजवळच्या आमच्या गावात मुलीला बी.एस्सी. करायला धुळ्याला ठेवणारा दुसरा बाप तेव्हा नव्हता. त्यामुळे मला धड रडताही आलं नाही.

दुसरं पत्र चार वर्षांनी आलं. ते माझ्या धाकट्या बहिणीचं. त्याच विभागाचं, तसल्याच खाकी पाकिटातलं. तिला पोचवायला आबा स्वतः पुण्याला गेले. तिची ट्रंक खांद्यावर घेऊन हॉस्टेलचा जिना चढले, असं मायने माझ्या सासरी जळगावला येऊन कौतुकानं सांगितलं. मी आबांना विचारलं तेव्हा म्हणाले, "जमाना बदली गया ना बेटा." चार वर्षांत बदलला. मी घराबाहेर पडेपर्यंत थांबला होता बहुतेक.

धाकटीला भौतिकशास्त्राची गोडी मी लावली, हे सांगायलाच हवं. धुळ्याला आम्ही दोघी देवपुरात आत्याकडे राहायचो. मी शेवटच्या वर्षाला होते आणि ती नुकतीच अकरावीला आली होती. उपकरण हातात घेतलं की आधी त्याची शून्याची चूक बघायची, सुई थरथरत असेल तर श्वास रोखायचा, आलेलं रीडिंग आवडलं नाही म्हणून खोडायचं नाही, हे सगळं तिला मी शिकवलं. तिला भारी घाई असायची. टेबलाला धक्का देऊन सुई हलवायची आणि मलाच विचारायची, "अक्का, आता किती लिहू?" माझी जर्नलं घेऊन ती पुढे तीन वर्षं पास होत गेली.

लग्नानंतर दोन वर्षांनी मी जळगावच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. बी.एस्सी.ची मुलं प्रयोग करायची, मी त्यांच्या जोडण्या तपासायची. नवरा पाटबंधारे खात्यात होता, सासूबाई घर सांभाळायच्या. सगळं बरं चाललं होतं. धाकटी एम.एस्सी. झाली, मग तिथेच पीएच.डी.ला लागली. तिची पत्रं यायची. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नसे, म्हणून मीच ती मोठ्यानं वाचून दाखवायची. तिच्या सरांनी तिला शाबासकी दिली, तिचा पेपर कुठल्याशा परिषदेत वाचला गेला, अशी वाक्यं मी गाळायची. सासूबाई म्हणायच्या, "बिचारी, नुसती तब्येतीचीच खबर लिहिते."

नव्वद उलटून एखाद-दोन वर्षं झाली असतील. मे महिन्यात ती आमच्याकडे आली. पर्समधून फिल्मच्या डबीएवढी प्लास्टिकची डबी काढून तिनं माझ्यासमोर ठेवली. आत कापसावर नखाच्या चतकोराएवढा एक चपटा, पिवळट तुकडा होता.

"हिरा आहे, अक्का."

"हा?"

"दागिन्यात चालत नाहीत असले. पण आहे अस्सल."

आबा तेव्हा जळगावला बाजाराच्या कामाने आलेले होते. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "हिरा शे का हाई? माले ते काचना तुकडा दिखस." ती हसली. मग ओट्याशी उभी राहून, मी पोळ्या करत असताना, तिनं मला तिचं काम समजावून सांगितलं. मी पाठमोरी होते ते बरं होतं.

हिरा वीज वाहू देत नाही, हे मी दरवर्षी मुलांना सांगत असे. ती म्हणाली, हा वाहू देतो. पुण्याच्या लॅबमध्ये एका बंद भांड्यात, तापवून जांभळ्या झालेल्या हायड्रोजनमध्ये, तिनं तो काही वेळ ठेवला होता. "आतल्या प्रत्येक कार्बनने चार हातांनी चार शेजारी धरलेले असतात. पण अगदी वरच्या थरातल्यांचा एखादा हात मोकळा राहतो. त्या हाताला हायड्रोजन धरायला दिला की वरच्या कातडीतून वीज जायला लागते. आतला हिरा होता तसाच. नुसता वरचा थर बदलला, अक्का! परदेशातही दोन-तीन ठिकाणी असं दिसलंय. का होतं, ते अजून कुणालाच नीट सांगता येत नाही."

"मग इथे कशाला आणलास?"

"पुण्यात जुलैमध्ये रीडिंग जास्त येतं आणि फेब्रुवारीत कमी. मला वाटतं हवेतल्या ओलाव्याचा त्यात काहीतरी हात आहे. मे महिन्यात जळगावइतकी कोरडी हवा मला कुठे मिळणार? आणि तुझ्यासारखं मोजणारं दुसरं कोण आहे?"

तिनं सोबत एक छोटा साचा आणला होता. त्यात सोन्याचा मुलामा दिलेल्या दोन स्प्रिंगच्या सुया होत्या, त्या हिऱ्यावर टेकायच्या. कॉलेजला सुट्टी होती आणि प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडेच असायची. पंधरा दिवस, दिवसातून दोनदा मोजायचं ठरलं. निघताना तिनं बजावलं, "चिमट्यानेच उचल. आणि काहीही झालं तरी कशानेही धुवू नकोस. अॅसिडने तर नाहीच."

पहिले आठ दिवस मी इमानदारीनं मोजलं. दहा व्होल्ट लावले की मायक्रोअॅमीटरची सुई सरकत जायची आणि मधल्या आकड्याच्या आसपास थांबायची. खोटं कशाला सांगू, मला मजा यायला लागली होती. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं आणि मी रिकाम्या प्रयोगशाळेत एकटी त्या सुईकडे बघत बसायची. प्रयोगशाळेत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर होता. तो चालू असला की सुई थोडी वर थांबते आणि बंद करून तासभर गेला की खाली येते, हे मला तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. मी ते वहीत लिहून ठेवलं, कूलरची वेळ घालून. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं मला दिसलं होतं.

नवव्या दिवशी, रविवारी, घरात काम निघालं म्हणून डबी घरीच होती. धाकटीचं एक पत्र शनिवारी आलं होतं. लिहिलं होतं की जूनमध्ये विभागात तिचं व्याख्यान ठेवलंय, आणि ते चांगलं झालं तर जपानला सहा महिने पाठवायचं सरांच्या मनात आहे. ते वाक्य मी सासूबाईंना वाचून दाखवलं नाही. पण मला ते दिवसभर ऐकू येत होतं.

त्या दिवशी आमच्याकडे उडदाचे पापड होते. शेजारच्या चार बायका लाटायला आल्या होत्या. मी आतून परात घेऊन आले तर सासूबाईंनी डबी उघडून हिरा दोन बोटांत धरला होता आणि बायकांना दाखवत होत्या, "माझ्या सुनेच्या बहिणीचा. ह्याची नाकातली चमकी होईल का गं?" त्यांच्या बोटांना पापडाचं तेल होतं.

मी हिरा घेऊन डबी बंद केली. सोमवारी प्रयोगशाळेत तो भिंगाखाली पाहिला. तेलाचा ठसा स्पष्ट होता. तिला ट्रंककॉल करून विचारता आलं असतं. तसाच मोजून वहीत "तेल लागले" असं लिहिता आलं असतं. मी मात्र शेजारच्या रसायनशास्त्राच्या खोलीत गेले. काचेची भांडी उकळून साफ करायला तिथे बायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक अॅसिडचं नारिंगी मिश्रण ठेवलेलं असे. छोट्या बीकरमध्ये ते ओतलं, वाळूच्या तव्यावर ठेवलं आणि हिरा आत सोडला. घड्याळ लावून वीस मिनिटं तापवला. तिचं "अॅसिडने तर नाहीच" हे मी विसरले होते, असं मी पुढे अडीच महिने स्वतःला सांगितलं. विसरले नव्हते. बीकर तापत असताना ते मला चांगलं आठवत होतं.

ऊर्ध्वपातित पाण्यानं धुताना एक गोष्ट दिसली. आधी कधी पाण्याचा थेंब चुकून पडला तर तो अळूच्या पानावरच्यासारखा गोल राहायचा. आता तो पसरला आणि सबंध हिरा ओला झाला. हिरा दिसायला मात्र अगदी तोच. वाळवला, सुया टेकवल्या, दहा व्होल्ट दिले. सुई हलली नाही. वीस दिले. जोडण्या तपासल्या, शून्याची चूक पाहिली. गॅल्व्हानोमीटर लावून पाहिला. काही नाही.

आणि मला आनंद झाला. तो मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिला आहे, दुसरं काही होतं का म्हणून. दुसरं काही नव्हतं. पोटातून गार वाटलं. मी खुर्ची ओढून बसले, रांजणातलं पाणी प्याले आणि तिथेच तिला पत्र लिहिलं: "तुझा हिरा वीज वाहून नेत नाही. सर्व जोडण्या दोनदा तपासल्या. तुझ्या सुयांच्या साच्यात गळती असावी आणि आधीची रीडिंग त्याचीच असावीत." अॅसिडचा उल्लेख नाही. आठ दिवसांच्या चांगल्या रीडिंगांचाही नाही. हिरा आणि साचा नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाबरोबर पुण्याला पाठवून दिला, वही मात्र माझ्याच कपाटात ठेवली.

जूनमधलं व्याख्यान तिनं रद्द करून घेतलं, हे मला मायकडून कळलं. तिच्या सरांना ती म्हणाली म्हणे, माझी बहीण चुकत नाही, तेव्हा आधीचं सगळं पुन्हा तपासायला हवं. मग ती महिना-दीड महिना तो साचा उघडून, घासून, नव्यानं जोडून बसली. जपानचं पुढे गेलं. मला वाटलं होतं हे ऐकून आणखी बरं वाटेल. तसं झालं नाही. जेवण जाईना.

श्रावणात कानबाईच्या सणाला आम्ही दोघी माहेरी गेलो. आमच्या घरी कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजून गहू घेतात. मुलींची मूठ नसते. पण लग्न न झालेल्या मुलीला रोट खाता येतो आणि सासरी गेलेलीला नाही. म्हणजे त्या वर्षीही ती पंगतीत आणि मी वाढायला. तिच्या पानात रोट वाढताना मला आधी तेच टोचलं. मग मी तिच्याकडे नीट पाहिलं. गालांची हाडं वर आली होती. उजव्या हाताच्या बोटांवर सोल्डरिंग करताना बसलेल्या चटक्यांचे डाग होते, साचा पुन्हापुन्हा जोडल्याचे.

जेवणं झाल्यावर आबा पाहत होते. म्हणाले, "तुम्ही दोन्ही बहिनी बोलतस नही का?"

मी तिला म्हटलं, चल, मळ्यापर्यंत जाऊन येऊ. कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. बांधावरून ती पुढे, मी मागे. ती स्वतःच बोलायला लागली.

"अक्का, मी सरांना सांगितलंय की मला दुसरा विषय द्या. माझ्या हाताला घाई आहे, तू लहानपणापासून सांगायचीस. काहीतरी चुकीचं मोजलं मी. तू मोजलं नसतंस तर मी तेच खरं धरून छापूनही टाकलं असतं."

"मी धुतला तो," मी म्हटलं.

ती थांबली, पण वळली नाही.

"पापडाचं तेल लागलं होतं. ते पुसूनही निघालं असतं. पण मी अॅसिडमध्ये उकळला. त्याआधी आठ दिवस तो वीज नेत होता. तू सांगितलं होतंस तसाच."

"विसरलीस का?"

"नाही."

आता ती वळली. मला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल, आणि दोन्हीसाठी मी तयार होते. ती म्हणाली, "किती वेळ उकळलास?"

"वीस मिनिटं."

"कशात?"

मी सांगितलं.

"आणि धुतल्यावर पाणी कसं दिसलं? थेंब झाला की पसरलं?"

"पसरलं."

ती खाली बांधावरच बसली. काडीनं मातीत काहीतरी रेघा ओढायला लागली. मी तिच्याशी एवढी वाईट वागले होते, आणि पाच मिनिटंसुद्धा न लागता ती माझ्या पापापलीकडे निघून गेली होती, तिच्या प्रश्नाकडे. मला अक्षरशः तिचा हात धरून म्हणावंसं वाटलं, आधी माझ्यावर चीड तरी! त्याही घडीला मला तिचा हेवा वाटत होता, हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

चिडली ती नंतर. परत येताना गोठ्याजवळ थांबून म्हणाली, "ती वही मला दे. आणि मला घरचं पत्र लिहू नकोस काही दिवस." दिवाळीला ती आली नाही.

तिची दोनच पत्रं आली त्या काळात, दोन्ही कामाची. पहिल्यात लिहिलं होतं की तो हिरा तिनं पुन्हा हायड्रोजनमध्ये ठेवला आणि वीज परत आली. मग अॅसिडमध्ये उकळला, वीज गेली. पुन्हा हायड्रोजन, पुन्हा आली. असं तिनं सहा वेळा केलं. अॅसिड वरच्या थरातला हायड्रोजन काढून घेतं आणि त्या मोकळ्या हातांना ऑक्सिजन देतं, असा तिचा अंदाज होता. ऑक्सिजनवाला हिरा पाणी अंगभर पसरू देतो आणि वीज अडवतो. हायड्रोजनवाल्याचं उलट. दुसऱ्या पत्रात तिनं माझ्या कूलरच्या नोंदींबद्दल विचारलं होतं: कूलर हिऱ्यापासून किती फुटांवर होता, तोंड कुठे होतं, खिडकी उघडी होती का. मी चार पानी उत्तर पाठवलं. खाली "तुझी अक्का" असं लिहून खोडलं आणि नुसतं "अक्का" लिहिलं.

तिच्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा पुढल्या वर्षी झाली. तिनं बोलावलं नव्हतं, मायनं सांगितलं म्हणून मी आबांना घेऊन गेले. हॉल भरला होता. ती फळ्याजवळ उभी होती, साडी नीट चापूनचोपून नेसलेली, आणि अजिबात घाई करत नव्हती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हा अॅसिडचा प्रयोग तुम्हाला सुचला कसा? तोवर तर तुम्ही विषय सोडायला निघाला होतात."

मी पुढच्या रांगेतल्या कुणाच्या तरी पाठीआड सरकले.

"दुसऱ्या एका प्रयोगशाळेत अपघात झाला, सर," ती म्हणाली. "नमुना चुकून अॅसिडमध्ये पडला. तिथल्या नोंदी उत्तम होत्या, म्हणून लक्षात आलं."

सगळे समजुतीनं हसले. शास्त्रात असे अपघात होतात, असं कुणीतरी म्हणालं. आबांनी मला कोपरानं ढोसलं आणि काय चाललंय ते विचारलं. मी म्हटलं, छान चाललंय. तिनं मला वाचवलं होतं, हे मला कळत होतं. आणि तरी आत काहीतरी तडफडत होतं: चुकून? ते मी केलं होतं! या सगळ्या प्रबंधात माझं स्वतःचं असं जे एक कृत्य होतं, तेही तिनं माझ्याकडून काढून घेतलं.

नंतर चहाच्या टेबलापाशी मी तिला एकटीला गाठलं. "अपघात नव्हता तो."

"मग काय सांगू? बहिणीनं जळून उकळला म्हणून?"

"हो."

"त्यांना कळलं नसतं," ती म्हणाली. मग कपातला चहा हलवत राहिली. "मला कळलं होतं, अक्का. बांधावरच. तुझं पत्र आलं होतं ना पुण्याचं, माझ्या आधी, ते मायनं गाद्यांखाली ठेवलेलं मी बारावीत असताना पाहिलं होतं. मला त्याबद्दल कधी तुझ्याशी बोलायचा धीर झाला नाही. मला वाटायचं, बोलले तर तू म्हणशील, मग तू तरी जाऊ नकोस."

"म्हटलं असतं मी."

"म्हणूनच."

आम्ही गळ्यात वगैरे पडलो नाही. तिला तिच्या सरांनी हाक मारली आणि ती गेली. प्रबंधाची प्रत तिनं नंतर टपालानं पाठवली. कूलरच्या नोंदींचं सबंध एक पान होतं, तक्त्याखाली "जळगाव येथील निरीक्षणे" असं लिहिलेलं आणि आभारात माझं नाव. वर्षभरानं ती जपानला गेली. मला अजूनही त्याचा हेवा वाटतो. आता मी तो तिला पत्रात सरळ लिहिते, आणि तीही लिहिते की तिथली थंडी भयंकर आहे, हेवा करण्यासारखं काही नाही. मी विश्वास ठेवत नाही.

जळगावातच नवं विद्यापीठ झालं होतं. मी एम.एस्सी.चा फॉर्म भरला, कॉलेजातून बिनपगारी रजा घेतली आणि जूनमध्ये माझ्या स्वतःच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांबरोबर वर्गात बसले. सासूबाई शेजारणींना सांगत, सून पुन्हा शाळेत जाते. पहिल्याच प्रात्यक्षिकाला माझ्या जोडीला एरंडोलची एक मुलगी होती, वीस-एकवीसची. माझी जोडणी अर्धी व्हायच्या आत तिचं रीडिंग घेऊन झालं होतं. मला तिचा हेवा वाटला, तोच जुना, ओळखीचा. मी तिला म्हटलं, तुझी वही दाखव जरा. तिनं दिली. मी तिचं गणित वरून खाली तपासलं, मग पुन्हा खालून वर. बरोबर होतं. "शून्याची चूक घेतलीस?" मी विचारलं. "घेतली ना मॅडम," ती म्हणाली. मी म्हटलं, मॅडम म्हणू नकोस, आणि ती तार कुठे जोडायची ते मला दाखव.